सर्वसाधारण सभेपूर्वी: मातीचा एक तुकडा उघडा ठेवा

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
नाचणे, कुवारबाव, शिरगाव, मिरजोळे, खेर्डी, चेंढरे, पिंगुळी आणि कोकण किनाऱ्यावरच्या शहरांलगत वाढलेल्या इतर वसाहतींतील गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

३० सप्टेंबरच्या आत तुमच्या संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आवारात उरलेला मातीचा तुकडा पेव्हर ब्लॉकने झाकून घ्यावा, हा विषय आता बऱ्याच संस्थांच्या विषयपत्रिकेवर येतो. तो मंजूरही पटकन होतो, कारण चिखलाचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. त्याच संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर १९८० च्या दशकातल्या बालपणाची चित्रेही फिरत असतात: गोट्या, लगोरी, विटीदांडू, दिवाळीचा किल्ला. ती चित्रे मनापासून पाठवली जातात, हे आम्ही जाणतो. म्हणूनच तुम्हाला कळवावेसे वाटते की त्या बालपणाला एक सामग्री लागायची, ती अजून तुमच्या आवारात आहे, आणि सभेत हात वर झाले की ती जाईल. ती सामग्री म्हणजे निगा राखलेली उघडी जमीन. बाकी सगळे, म्हणजे विटी, गोटी, भोवरा, आजही मिळते किंवा करता येते.

तेव्हाची उपनगरे कशी होती ते तुमच्यापैकी ज्येष्ठांना ठाऊक आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि ओरोसला नवे मुख्यालय उभे राहू लागले. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबागच्या कडेला शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एसटीतले लोक प्लॉट घेऊन घरे बांधत होते. भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण, मग गडगा, म्हणजे दगड रचून केलेले कुंपण, आणि गडग्यात बेडे, म्हणजे फाटक. नोकरी शहराची असली तरी घराची मांडणी गावचीच राहिली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, जमिनींना भाव आला आणि या प्लॉटांवर हळूहळू इमारती चढल्या. अंगणाची जागा पार्किंगने घेतली. त्याला आमचा विरोध नाही, गाड्या कुठेतरी लागणारच. पण पार्किंग आखून झाल्यावर जो कोपरा उरतो, त्याच्याबद्दल हे पत्र आहे.

अंगणातल्या खेळांचे वेळापत्रक मातीच्या ओलीवर चालायचे. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की लोखंडी सळी बाहेर निघे. सळी ८ ते १० इंच लांब, बोटाहून बारीक, एक टोक दगडावर घासून अणकुचीदार केलेले. फेकलेली सळी उभी रुतली तर पुढे सरकायचे, आडवी पडली तर डाव गेला. शेवटी हरलेल्याने तिथून सुरुवातीच्या रेघेपर्यंत लंगडी घालत यायचे. वरचे दोन-तीन इंच मऊ आणि खालचा थर घट्ट असेल तरच हा खेळ जमतो. पाणी साचलेल्या रबरबीत चिखलात सळी रुतते, पण लगेच कलंडते. म्हणून पाऊस उघडल्यावर तासाभराने, पाणी ओसरले की मुले खेळायला यायची.

श्रावणात अंगणभर गवत माजे आणि खेळ पडवीत येत. सारवलेल्या जमिनीवर पाच सागरगोटे. सागरगोट्याची काटेरी वेल किनाऱ्यालगतच्या कुंपणांत आजही दिसते. शेंगेतल्या राखाडी बिया इतक्या टणक असतात की वर्षानुवर्षे टिकतात. (गुंजा मात्र खेळायला देऊ नका. त्या दिसायला सुंदर असतात, पण चावून पोटात गेल्या तर विषारी आहेत.)

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जमिनीची ओल ओसरू लागते आणि अंगण करायचे दिवस येतात. उकरताना निघालेली माती आणि कडेचे जांभ्याचे तुकडे किल्ल्याला जायचे. घरोघरी एकाच आठवड्यात किल्ले उभे राहत, त्याचे हे एक साधे कारण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमीन टणक आणि कोरडी असते, हा गोट्या, विटी आणि भोवऱ्याचा काळ. मार्चपासून काजूच्या बिया पडू लागल्या की बिया मांडून मोठ्या, जड बीने उडवायचा खेळ चाले. मे महिन्यात चाकरमान्यांची मुले आली की डाव मोठे होत आणि जिंकलेल्या बियांनी खिसे फुगत. बिया पूर्ण वाळलेल्या हव्यात आणि दातांनी कधी फोडू नयेत. टरफलातल्या तेलाने ओठांना आणि बोटांना फोड येतात.

पेव्हर ब्लॉकवर यातले काय जमते, हे प्रत्येक खेळापुरते तपासून बघा. गोटीची गल, म्हणजे खळगा, साधारण दोन इंच रुंद आणि एक इंच खोल असते, तळ गोलसर, कड ओल्या अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेली. ब्लॉकमध्ये ती खणता येत नाही, आणि सपाटीवर गोटी सांध्याला लागून भलतीकडे वळते, त्यामुळे नेमाला अर्थ राहत नाही. विटी साधारण पाच इंचांची, दोन्ही टोके दीड-दीड इंच निमुळती. दांडू वीस इंचांच्या आसपास. पेरू किंवा चिंचेचे चिवट लाकूड चांगले, आंब्याची विटी लवकर फुटते. कोलायला होडीच्या आकाराची गल लागते, आणि टोकावर दांडू मारून विटी उडवताना खालचे टोक जमिनीत जरासे रुतावे लागते. ब्लॉकवर ते घसरते आणि विटी वर उठण्याऐवजी आडवी सरपटते. मग वकट, लेंड, मूंड मोजायची वेळच येत नाही.

भोवऱ्याचे वेगळे आहे. गुळगुळीत कोब्यावर तो मातीपेक्षा जास्त वेळ फिरतो, हे मान्यच करायला हवे. पण ब्लॉकच्या सांध्यात आर, म्हणजे भोवऱ्याचा खालचा खिळा, अडकली की भोवरा उसळतो, आणि रिंगण आखून दुसऱ्याच्या भोवऱ्यावर मारायचा डाव खेळला तर आर बोथट होते, लाकडाचे टवके उडतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम केलेली लाकडी खेळणी मिळतात, ती देखणी असतात. पण असल्या मारामारीच्या डावाला साधा, न रंगवलेला भोवरा घ्यावा. जाळी, म्हणजे भोवऱ्याला गुंडाळायची दोरी, सुती आणि घट्ट पिळाची हवी, लांबी दीड मीटरच्या आसपास, सुटणाऱ्या टोकाला गाठ. भोवरा थरथरत असेल तर आर वाकडी बसलेली असते. ती उपटू नये, भोक सैल होते. हलक्या ठोक्यांनी सरळ करावी आणि टोक दगडावर गोल घासून घ्यावे.

पोफळीच्या वाळलेल्या विरीवर, म्हणजे गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडावर, एकाने बसायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, हा खेळ मातीवर किंवा गवतावर दिवसभर चालतो. ब्लॉकवर विरी थोड्याच फेऱ्यांत झिजून फाटते. लगोरी ब्लॉकवर खेळता येते, पण पळताना पडणाऱ्या मुलाचे गुडघे मातीवर खरचटतात आणि ब्लॉकवर सोलले जातात. आणखी दोन गोष्टी कोकणाच्या हवामानातून येतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सावलीतल्या ब्लॉकवर या काळात हिरवे शेवाळ धरते, त्यावर मुलेही घसरतात आणि आजीआजोबाही. एप्रिल-मे महिन्यांत हेच ब्लॉक दिवसभर तापतात आणि संध्याकाळी, खेळायच्या वेळेला, ती ऊब परत सोडत राहतात.

आता अंगण कसे करायचे ते सांगतो. चिखलाची तुमची तक्रार खरी आहे, पण ती न केलेल्या जमिनीची तक्रार आहे. नुसती उघडी टाकलेली माती आणि केलेले अंगण यांत फार फरक असतो.

जागा ३० फूट बाय २० फूट पुरे, म्हणजे ६०० चौरस फूट. तेवढी नसेल तर २० बाय १५ मध्ये गोट्या, भोवरा, ठिकरी आणि सळी बसते. माडाच्या बुंध्यापासून निदान १५ फूट लांब राहा. नारळ आणि झावळ्या पडतात. जमिनीखालून नळाची किंवा सांडपाण्याची वाहिनी जात नाही, हे आधी पाहा. आठ इंच खोदा. तळाला चार इंच जांभ्याची खांडकी, म्हणजे फोडलेले तुकडे, अंथरून ठोका, त्यावर दोन थरांत पाच इंच जांभी माती. म्हणजे पृष्ठभाग भोवतालच्या जमिनीपेक्षा एक इंच उंच राहील आणि बाहेरचे पाणी आत येणार नाही. ६०० चौरस फुटांना खांडकी दोन ब्रास लागते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). माती ठोकल्यावर दबते, म्हणून ती सव्वातीन ब्रास मागवावी. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वसाहतींत कुदळ दोन इंचांवर कातळाला लागते. तिथे खोदायच्या नादी लागू नका; चारी बाजूंना चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडांची, एक ओळ लावून आत भराव करा आणि उताराच्या बाजूला दोन चिऱ्यांमध्ये फटी ठेवा.

उतार दहा फुटांना दोन इंच, गटाराच्या दिशेने. यापेक्षा कमी ठेवला तर पाणी साचते, जास्त ठेवला तर गोटी आपोआप घरंगळते आणि पावसात माती वाहून जाते.

माती चाळून घ्या, सुपारीपेक्षा मोठा खडा राहू देऊ नका. तिची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बरणीत निम्मी माती, वर पाणी, चांगले हलवून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला वाळू-खडा आणि वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमातीचा थर निम्म्याहून जाड असेल तर उन्हाळ्यात अंगणाला भेगा पडतील. अशा मातीत चिऱ्याच्या खाणीवरची बारीक चुरी मिसळावी. समुद्राची वाळू कधीही वापरू नका. तिच्यातले मीठ हवेतली ओल ओढते आणि सारवण धरत नाही. शिवाय किनाऱ्यावरची वाळू काढायला कायद्याने बंदी आहे.

सगळ्यात जास्त अंगणे बिघडतात ती पाण्याच्या अंदाजामुळे. मातीची मूठ वळा. घट्ट गोळा झाला आणि छातीच्या उंचीवरून टाकल्यावर चार-पाच तुकडे झाले, तर ओल बरोबर. गोळा चपटा होऊन जमिनीला चिकटला तर माती फार ओली आहे. अशी माती धुमसाखाली, म्हणजे माती ठोकायच्या जड अवजाराखाली, एका जागी दबते आणि शेजारी फुगते, आणि वाळल्यावर तडकते. गोळाच होत नसेल तर कोरडी आहे, ती ठोकून घट्ट होणार नाही, धूळ होईल. तीन इंच सैल माती पसरून धुमसाने ठोकावी, मग पृष्ठभाग हलका ओरखडून दुसरा थर द्यावा. ओरखडले नाही तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत आणि वरचा पापुद्र्यासारखा सुटतो. शेवटचा हात चोपण्याचा, म्हणजे लाकडी सपाट थापीचा: आधी उभ्या रांगांनी, मग आडव्या, प्रत्येक घाव मागच्या घावावर निम्मा चढवून. सुरुवातीला आवाज भद येतो, माती बसली की टणक येऊ लागतो. टाचेने जोर देऊनही खळगा पडला नाही की काम झाले. चार माणसांना चार दिवस लागतात. त्यानंतर आठवडाभर कोणाला चालू देऊ नये आणि पहिले दोन दिवस दुपारच्या उन्हात वर झावळ्या पसराव्यात, नाहीतर वरचा थर आधी वाळून भेगाळतो.

सारवण सगळे वाळल्यावर. ताजे शेण पाण्यात कालवून आंबोळीच्या पिठाइतके पातळ करा. ६०० फुटांना तीन-चार घमेली शेण पुरते. थर पातळच हवा. जाड दिला की आठ दिवसांत त्याच्या खपल्या निघतात आणि मग शेणाला दोष दिला जातो. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी आणि खेळ जोरात असतील तेव्हा आठ दिवसांनी सारवावे. पूर्वी जमीन काळीभोर दिसावी म्हणून सारवणात विजेरीच्या जुन्या सेलमधली पूड घालत. ते मुलांच्या जागेत अजिबात नको. शेण मिळत नसेल तर नुसता पाण्याचा सडा घालून चोपले तरी अंगण टिकते, फक्त धूळ थोडी जास्त होते.

पावसाळ्यात अंगणाला हात लावू नका. प्लास्टिक अंथरायचा मोह होतो, पण त्याखाली माती कुजकट ओली राहते आणि वाळवी येते. गवत येऊ द्या, मुळे माती धरून ठेवतात. ऑक्टोबरच्या शेवटी गवत मुळासकट खरवडा, वरचे दोन इंच मोकळे करा, अर्धा ब्रास नवी माती मिसळून पुन्हा चोपा. पहिल्या वर्षीच्या मानाने हे दोन दिवसांचे काम आहे, आणि त्यात मोठ्या मुलांना घेतले तर ती चोपणे धरायला शिकतात. कोकणातल्या मुलांना आज जे सहज दाखवता येईल आणि तरीही दाखवले जात नाही, त्यात हे काम आम्ही फार वर धरतो.

पालक काळजीचे प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरे तयार ठेवा. लगोरीचे दगड किंवा कौलाचे तुकडे अंगणाच्या कडेला रचून ठेवू नका, डब्यात ठेवा. दगडांच्या राशीखाली फुरसे हा विषारी साप बसतो आणि जांभ्याच्या रंगात तो चटकन दिसत नाही. गडग्याच्या बाजूला तीन फुटांची पट्टी कायम साफ हवी. मातीत खरचटले तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणे. मुलांची धनुर्वाताची लस, म्हणजे १० व्या आणि १६ व्या वर्षीची टीडी, वेळेवर झालेली असावी. जोराच्या पावसात गटार तुंबून पाणी अंगणात आले असेल तर ते ओसरून जमीन वाळेपर्यंत मुलांना उतरू देऊ नका, विशेषतः पायाला जखम असेल तर. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो तो अशाच पाण्यातून. सळीचा खेळ दहा वर्षांखालच्यांना नको, आणि खेळणाऱ्याच्या पायात बूट हवेत. पूर्वी अनवाणी खेळत, आणि अंगठ्यांना जखमाही होत.

घरात चिखल येतो म्हणणाऱ्यांसाठी अंगणातून बाहेर पडायच्या वाटेवर एक नळ आणि तीन फूट रुंद खडबडीत चिऱ्यांची पट्टी ठेवा. पाय धुवायची जागा वाटेतच असली की मुले पाय धुतात. ती जिन्याच्या पलीकडे असेल तर धुवत नाहीत.

विटीदांडू मात्र या अंगणात खेळू देऊ नये असेच आमचे मत आहे. ६०० फुटांत गाड्यांच्या काचा आणि माणसांचे डोळे दोन्ही धोक्यात येतात. त्यासाठी मोकळे मैदान लागते. ज्या वसाहतींचा भूखंड ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठा आहे, त्यांच्या आराखड्यात १० टक्के खुली जागा मनोरंजनासाठी सोडायचा नियम आहे. ती तुमच्या नकाशावर कुठे दाखवली आहे आणि आज तिथे काय आहे, हे सचिवांनी एकदा पाहावे. झावळीच्या बुडख्याची बॅट चालेल: पूर्ण वाळलेली झावळी घेऊन बुडाचा अडीच फूट तुकडा, कडा कोयत्याने तासलेल्या, मुठीला सुंभ, म्हणजे काथ्याची दोरी. ती हलकी असते आणि चेंडू फार लांब जात नाही, म्हणून आवारातल्या क्रिकेटला बरी. भिजली की फुगते आणि उभी चिरते, तेव्हा पडवीत ठेवावी.

या एका तुकड्याने तुमच्या विहिरीचे पाणी वाढेल, असे आश्वासन आम्ही देणार नाही. ६०० फुटांत जिरणारे पाणी थोडे असते. मागणी मुलांसाठी आहे आणि तेवढीच आहे.

सभेच्या नोटिशीला १४ पूर्ण दिवसांची मुदत लागते, म्हणून विषय आत्ताच द्यावा लागेल. ठराव असा मांडता येईल: “संस्थेच्या आवारातील, सोबतच्या नकाशात दाखवलेली अमुक चौरस फूट जागा पेव्हर ब्लॉक, काँक्रीट अथवा कृत्रिम हिरवळ यांनी झाकू नये, ती मातीचे अंगण म्हणून राखावी, दरवर्षी नोव्हेंबरअखेर तिची दुरुस्ती करावी आणि त्यासाठी देखभाल खर्चात वेगळी तरतूद ठेवावी, तेथे वाहन लावू नये.” वाहनाची ओळ वगळू नका. एकदा गाडी फिरली की चाकांच्या चाऱ्या पडतात, त्यांत पाणी साचते, आणि पुढच्या सभेत पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा येतो.

ठराव मंजूर झाला तर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस उघडल्यावर, खोदकाम सुरू करा. खोदलेली माती बाहेर पाठवू नका, दिवाळीला किल्ल्यांसाठी लागेल.

आपले,
अंगणे करणारी आणि मुलांना हे खेळ शिकवणारी काही माणसे
रत्नागिरी